हद्दीचा दगड

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने अंबरनाथजवळच्या विमानतळासाठी आमचं शेत घेतलं. त्या बंद धावपट्टीवर माझे वडील, दौलतराव, जन्मभर भात झोडत आले आणि येईल त्याला ऐकवत आले, "खाली आमची जमीन आहे."

आता विमानतळ नव्याने होणार म्हणून मोजणीवाले आले. साहेब म्हणाले, "आजोबा, हद्दीचा दगड दाखवा, लगेच नोंद करतो."

बाबा मान खाली घालून उभे. अख्ख्या गावासमोर मी ओरडलो, "आता का दातखीळ बसली?"

घरी येऊन त्यांनी मागच्या दारी बोट दाखवलं. आई दगडावर धुणं धूत होती. माझी दुपटी धुवायला म्हणून, मी जन्मलो त्या वर्षी, बाबांनीच तो धावपट्टीच्या कडेच्या बांधावरून उचलून आणला होता.