विहिरीतली बाभूळ

मलकापुरात लाकूड कापायच्या आरामशिनीजवळ ओल्या बाभळीचा तुरट वास आला आणि आमची विहीर आठवली. आमचे सुतार रहीमचाचा यांनी पेरणीच्या तिफनीसाठी तोडलेलं खोड तिच्यात वर्षभर बुडवून ठेवलं होतं, कीड लागू नये म्हणून. ते आम्ही वर ओढलं. चाचांनी त्या काळ्या लाकडावरून हात फिरवला.

"तिफन नातवाले पुरते, भाऊ."

वडील म्हणाले, "तिफन राहू द्या, चाचा. बीटी कपाशीचं बी महाग हाय. आता बाया हातानंच एकेक लावून राह्यल्या. कुदळीचे दांडे करा."

चाचा जरा थांबले. "हाव," म्हणाले आणि करवत उचलली.

ओढून दमलेल्या मला ते थांबणं तेव्हा कळलंच नाही. चाचांनी पुढे एकही तिफन केली नाही. त्यातला एक दांडा अजून माझ्याकडे आहे. कीड लागलेली नाही.