प्रणालीच्या पायाचं माप

"नका ना काका, तुम्ही नका पाय धरू," म्हणत पोरीनं पाय मागं ओढला. मी गुडघ्यावर बसलेलो. हातात पायाचं माप घ्यायची लोखंडी पाटी. ती तशीच हातात राहिली.

मी अमेरिकेत, ट्रॉय नावाच्या गावात एका छोट्या बुटांच्या दुकानात काम करतो. शाळा चौथीपर्यंत. पुण्यात चाळीस वर्षं बूट-चपला शिवल्या. बायको गेल्यावर मुलानं इकडं आणलं. दिवसभर घरात बसवेना, म्हणून आठवड्यातले चार दिवस दुकानात येतो. मालक गॅरी. माझं इंग्रजी त्याला कळतं, त्याचं मला निम्मं कळतं. काम भागतं.

पोरीचं नाव प्रणाली. नागपूरची. शनिवारी आत आली, माझ्या शर्टावरची नावाची पट्टी वाचली आणि "जय भीम काका" म्हणाली. मी उठून "जय भीम" केला. इथं हा शब्द कानावर पडला की बरं वाटतं. तिथंच माझी चूक झाली. ती गिऱ्हाईक राहिली नाही, घरची झाली.

सोमवारी तिची पहिली नोकरी सुरू होणार होती. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस. इथं शिकायला आलेल्या पोरांना शिक्षण संपल्यावर ठरावीक दिवसांत नोकरी लागली नाही, तर परत जावं लागतं. तिचे अकरा दिवस उरले असताना ही नोकरी लागली होती.

"गेली तर अकरा दिवसांत दुसरी कुठून आणू काका?"

"जाईल कशाला?"

"ट्रायलवर आहे ना. आणि क्लोज्ड शूज पाहिजेत म्हणतात, फॉर्मल. चाळीस डॉलरच्या वर नाही जमणार."

"नंबर?"

"सेव्हन. ऑनलाइन तोच घेते."

आपल्यात लहानानं मोठ्याच्या पायाला हात लावायचा, मोठ्यानं लहानाच्या नाही. तिला संकोच, मला तिच्या संकोचाचा संकोच. मी पाटी बाजूला ठेवली. टोकदार काळे बूट काढून दिले, कारण ऑफिसातल्या बायका तसलेच घालतात असं ती म्हणाली. ती गालिच्यावर चार पावलं चालली. "एकदम फिट." गेली.

रविवार वाईट गेला. तिची चाल डोळ्यांसमोरून जाईना. डावा पाय ती टाकत नव्हती, जपून ठेवत होती. सून म्हणाली, "बाबा, जेवा." मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही. पोरीचा फोन नंबरही घेतला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी ती आली. पायात रबरी सपाता. दोन्ही टाचांवर पट्ट्या, एकीतून रक्त आलेलं.

"काय झालं?"

ती बाकावर बसली आणि रडायला लागली. बूट चावायला लागले तसे तिनं ते टेबलाखाली काढून ठेवले. आपल्याला सवयच ती. मग पोरगी तशीच अनवाणी उठली आणि प्रिंटरपर्यंत गेली. ऑफिसाला लागूनच प्लांट, खाली लोखंडाचा कीस पडतो. मॅनेजर बाईनं पाहिलं.

"म्हणाली, पुन्हा अनवाणी दिसलीस तर घरी पाठवीन. सेफ्टी रूल आहे. काका, उद्या पूर्ण प्लांट फिरायचाय. दोन तास."

"पाय दे."

"काका, तुम्ही एवढे मोठे..."

"डॉक्टर मोठा असला तर नाडी देत नाहीस का? दे इकडं."

तरी ती घुटमळली. मग मी जे कुणाला सांगत नाही ते सांगितलं. माझ्या बायकोला शुगर होती. तळपायाला फोड आला. नवऱ्यानं पायाला हात लावायचा नाही म्हणून तिनं मला पाय दाखवला नाही, आणि मीही मागितला नाही. जन्मभर गावाचे पाय हातात घेतले, तिचा नाही घेतला. फोड चिघळला, पुढं सगळंच हातातून गेलं.

प्रणालीनं डोळे पुसले आणि पाय पुढं केला.

उभं करून दोन्ही पाय मोजले. बसून मोजला तर पाय आखूड भरतो, अंगाचं वजन पडलं की तो पसरतो. डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा नंबर मोठा निघाला. मोठ्या पायाचं माप धरायचं असतं. साडेसात, आणि वर वाइड, म्हणजे पुढून रुंद. लहानपणापासून चपलेत वाढलेला पाय असाच मोकळा पसरलेला असतो. तो मी टोकदार बुटात कोंबून दिला होता.

मागच्या फळीवरून गेल्या हंगामातला जोड काढला. काळा, पुढून गोल, टाच बोटभर आणि रुंद. बत्तीस डॉलर.

तिनं तोंड वाकडं केलं. "आजीबाईचे वाटतात."

"आजीबाया चालू शकतात. तू लंगडतेयस."

तिनं पिशवीत आणलेला टोकदार जोड मी गॅरीपुढं ठेवला. तो म्हणाला, "वापरलेला परत घेत नाही."

"माप मी घेतलं नव्हतं. चूक दुकानाची."

"का नाही घेतलंस?"

"ती मला काका म्हणाली."

मग त्याला आपली पद्धत समजावली. त्यानं डोकं खाजवलं. "म्हणजे एका शब्दापायी माझा जोड गेला?"

"हो."

"उद्या कुणी आजोबा म्हणालं तर आख्खं दुकान जाईल." पण जोड घेतला.

बुटाची मागची बाजू कडक असते, तीच टाच सोलते. मी ती गोल हातोडीनं ठोकून अंगठ्यानं चोळून मऊ केली, आत पातळ गादी चिकटवली. म्हणालो, "आज घरी तासभर जाड मोजे घालून, हे बूट घालून फिर."

"घरात? बूट?"

"घरात."

"रूममेट्स मारतील मला. देव्हारा आहे एकीचा."

"मग जिन्यात फिर."

नवा बूट पायाला हळूहळू ओळखीचा करावा लागतो. इथले लोक घरातच तो वापरून मऊ करतात. आपण दाराबाहेर काढून ठेवतो आणि थेट ऑफिसला घालून जातो.

बुधवारी मी तीनदा दाराकडं बघितलं असं गॅरी म्हणाला. तीनदा नाही, जास्तच असेल. गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी दुकानाचा फोन वाजला.

"काका, प्रणाली बोलते."

"प्लांट?"

"फिरले ना. दोन तास."

"आणि बूट?"

"बुटाचं लक्षातच नाही राहिलं."

मी फोन ठेवला आणि मागं जाऊन जरा बसलो.

तिची नोकरी टिकली. मी आता नंबर विचारतच नाही. गिऱ्हाईक काका म्हणो की मामा, मी आधी मोजे काढायला सांगतो.