आखूड एक्सल

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात पुडी बांधायला जाते. जी छापता येत नाही, ती मात्र बातमीदाराच्या डोक्यात पडून राहते. तीस वर्षांत माझ्याकडे अशा मालाचा ढीग झाला आहे, आणि त्याचा स्वभाव अगदी भंगारासारखा. खालचा एक किस्सा ओढायला जावं, तर वरचे चार अंगावर कोसळतात!

त्यातला मोटारींचा ढीग सगळ्यात मोठा. लढाईचे दिवस होते. विलायतेहून सुटे भाग येणं बंद झालेलं. वऱ्हाडात कुणाची मोटार मोडली की तो मुकाट अकोल्याची वाट धरायचा. तिथे जठारपेठेच्या पलीकडे अब्बासभाईंचं भंगाराचं आवार होतं. मेलेल्या मोटारी ओळीनं उभ्या, आणि त्यांच्या मधोमध खाटेवर बसून अब्बासभाई चहा पीत असायचे. माणूस फार गोड बोलायचा. पहिल्याच भेटीत मी मनाशी ठरवून टाकलं, हा चोर असणार!

अमरावतीत आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीसमोर वामन मिस्त्रीची शेड होती. आमची बैठक तिथे. बसणाऱ्यांपैकी एकाकडेही मोटार नव्हती, पण कुणाच्या मोटारीत कोणता भाग खोटा निघाला याची चर्चा रोज!

*

बार्शीटाकळीचे एक पाटील अब्बासभाईंकडे गेले आणि पितळेचा भोंगा घेऊन आले. तोच, रबराचा फुगा दाबला की बोंबलणारा.

पाटलांकडे मोटार कुठे होती? त्यांनी तो छकड्याला बांधला! भर बाजारात मोठ्या ऐटीनं फुगा दाबला, आणि बैल जे थांबले ते थांबलेच. शेपट्या पिरगाळल्या, शिव्या दिल्या, गूळ दाखवला. काही नाही! मग रोजचंच झालं. भोंगा वाजला की बैल उभे.

तिसऱ्या दिवशी पाटील भोंगा काखेत मारून आवारात हजर.

"काहून पाटील, भोंगा वाजत नाई?"

"वाजते ना बराबर."

"मंग?"

"बैल बदलून दे!"

अब्बासभाईंनी हूं की चूं न करता भोंगा परत घेतला आणि खाटेमागच्या खुंटीला टांगला. शेडमध्ये हा किस्सा सांगितला तेव्हा सगळे पोट धरून हसले. मला मात्र हसू आलं नाही. इतक्या सहज माल परत घेणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. काहीतरी काळंबेरं असल्याशिवाय कोण असं वागतो?

*

आता आमच्या वामन मिस्त्रीचं ऐका. मिस्त्री हुशार, पण फार घाईचा.

एका डॉक्टरांच्या मोटारीचं मागच्या चाकांना फिरवणारं दातेरी चक्र झिजलं. अब्बासभाईंकडून दुसरं आणलं, मिस्त्रीनं तासाभरात बसवलं. डॉक्टर आत बसले, पहिला गियर टाकला, आणि मोटार सुसाट निघाली. मागे! दुसरा गियर टाकला, आणखी जोरात मागे! पुढे जायचे तिन्ही गियर मागे नेत होते, आणि मागे न्यायचा एकुलता एक गियर पुढे.

"उलटा माल दिला त्यानं!" मी ओरडलो.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दोन दिस मांगं पाहून चालवा. मंग पाहू."

तेवढ्यात बडनेऱ्याहून निकडीचं बोलावणं आलं. डॉक्टर मान वळवून, मोटार उलटी चालवत बडनेऱ्याला पोचले. रोग्याची आई दारातच उभी होती. तिला दिसली मोटारीची पाठ. तिनं हंबरडाच फोडला, "अवो, पाह्यल्याबिगर परत चालले वो डॉक्टर!"

पुढे कळलं की चक्र बरोबर होतं, मिस्त्रीनंच ते उलट्या बाजूनं बसवलं होतं. पण तोवर मी माझ्या वहीत अब्बासभाईंच्या नावापुढे फुली मारून ठेवली होती. शाई काही खोडता येत नाही. राहू दिली!

*

आणि मग आले सखाराम माळी.

अंजनगाव सुर्जीचं हे घर भाजी, केळी आणि फुलं पिकवणारं. बैलगाडीनं अमरावतीच्या बाजारात येईतो फुलं माना टाकायची, म्हणून सखारामनं दोन बैलजोड्या विकून एक जुनी लॉरी घेतली. तिचा मागचा एक्सल, म्हणजे चाकांचा लोखंडी दांडा, मळ्याच्या तोंडाशीच मोडला. कडाड आवाज, आणि दोन तुकडे!

सखाराम आमच्या शेडमध्ये आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

"पेपरवाले भाऊ, दसऱ्याच्या आंधी मोटारसाहेब तपासणीले येऊन राह्यले. त्यायच्या समोर गाडी आपल्या चाकावर चालली नाई, तं पेट्रोलचे कुपनं बंद. बैल तं मी इकून बसलो. दसऱ्याचा सारा झेंडू काय डोक्यावर आणू?"

महिनाभराचा अवधी होता. मिस्त्री आणि मी अंजनगावला गेलो. मिस्त्री म्हणाला, "सोपं काम आहे. दोनी तुकडे पोत्यात घालू अन अकोल्याले नेऊ."

"खबरदार!" मी म्हणालो. "तुकडे त्याच्या हाती लागले, तर तो तेच सांधेल, रंग देईल आणि आपल्यालाच विकेल. फक्त माप न्या."

मिस्त्रीनं खिशातली फूटपट्टी काढली.

"पट्टी ठेव. त्याच्या दुकानातला फूट अकरा इंचांचा असला म्हणजे? तिथे कोण मोजणार? सरळ दोरीनं माप घ्या. दोरी खोटं बोलत नाही!"

हे वाक्य माझं. नाकारून उपयोग नाही, ऐकणारे दोघं होते.

सखारामची बायको सरूबाई केळीच्या खोपटीखाली हार गुंफत बसली होती. सखाराम म्हणाला, "एक दोरी दे वो." तिनं टोपलीतून केळीच्या खोडाच्या सोपटाची एक ओली, ताजी दोरी काढून दिली. आम्ही तुकडे टोकाला टोक लावून ठेवले, बरोबर माप घेतलं, दोरी तोडली. हरवू नये म्हणून सखारामनं ती पटक्याभोवती गुंडाळली आणि छोट्या आगगाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं अकोला अशी दोन दिवसांची उन्हातली वाट धरली.

*

एक्सल आला. मिस्त्रीनं बसवला. बोटभर आखूड!

मी म्हणालो, "बघा! सांगितलं नव्हतं?"

सरूबाईकडून दुसरी दोरी घेतली. या वेळी मी स्वतः दोन्ही टोकं धरली. दोरीची शहानिशा करून सखारामला रवाना केलं.

अब्बासभाईंनी पहिला एक्सल परत घेतला, वाद नाही, तोंड वाकडं नाही. नवी दोरी जुन्या दोरीच्या शेजारी खिळ्याला टांगली. दोन्ही नीट पाहून म्हणाले, "सखारामभाऊ, माप तं तेच आहे. तुमची लॉरी वाढून राह्यली का?"

दुसऱ्या एका लॉरीतला, त्याच मापाचा एक्सल काढून दिला. तो बसवला. बोटभर आखूड!

सखाराम चाकाशेजारी मातीत बसला. पलीकडे झेंडूला कळ्या धरू लागल्या होत्या. सरूबाई म्हणाली, "जोडी तरी ठेवा लागत होती एक." 

माझं डोकं फिरलं. मी सरळ कचेरीत आलो आणि लेख खरडला. नाव घातलं नाही, पण अकोल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मथळा होता, 'अकोल्यातील आखूड व्यापार'. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता जाळ! शेवटी विचारलं होतं, लढाईच्या नावाखाली गरिबाला आखूड माल विकणाऱ्याला कोणता कायदा पुरा पडेल?

संपादक खूश. मीही खूश.

*

तिसऱ्या खेपेला सखाराम रिकाम्या हातानं परतला.

अब्बासभाईंनी माझा लेख कापून आवाराच्या खांबाला खळीनं चिकटवला होता. सखारामला चहा पाजला आणि सांगितलं, "माल आहे. पण देईन तं पेपरवाल्याच्या हातातच देईन. त्याले घेऊन या, अन मोडके तुकडे घेऊन या."

तपासणीला चार दिवस उरले होते. सखाराम मला एवढंच म्हणाला, "भाऊ, लेख चांगला होता. पन त्याच्यावर गाडी चालत नाई."

गेलो! पोत्यात तुकडे घेऊन सखाराम, मी, आणि सरूबाई. आता आम्हा दोघांवरही तिचा भरवसा उरला नव्हता. अकोल्यात एका घरचे हार पोचवायचे होते, म्हणून ओल्या दोऱ्यांची टोपली तिच्या मांडीवरच.

अब्बासभाईंनी आमच्यासाठी दुसरी खाट टाकली. तुकडे जमिनीवर टोकाला टोक लावून ठेवले. मग खिळ्यावरच्या दोन्ही दोऱ्या काढल्या. सुकून काटकीसारख्या झालेल्या. ओढून सरळ केल्या आणि तुकड्यांशेजारी लावल्या.

दोन्ही बोटभर आखूड!

मी ताडकन उठलो. "कापल्या! सखाराम, यानं दोऱ्या कापल्या!"

सरूबाईचा हात हारावरून हललाही नाही. "कापल्या कायले भाऊ? सोपट वायलं का आखूड होतेच. म्हनून तं आमी हार सैल गुंफतो."

सखाराम तिच्याकडे बघतच राहिला. "मंग तू बोलली काहून नाई?"

"माप घ्याले मांगतली होती का? दोरी दे म्हने, म्या देली."

अब्बासभाई हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं! ते उठले, आतून एक एक्सल ओढत आणला आणि तुकड्यांशेजारी ठेवला. टोकाला टोक, दात्याला दाता. सखारामनं हात पुढे केला. अब्बासभाईंनी एक्सलवर पाय ठेवला.

"पेपरवाले भाई, पह्यले माफी."

"छापीन," मी म्हणालो.

"कितनी बडी?"

 सखाराम माझ्याकडे पाहत होता. सरूबाईही, पहिल्यांदाच हार खाली ठेवून.

अब्बासभाईंनी तिच्या टोपलीतली एक ओली दोरी उचलली. खांबापाशी गेले. लेखाच्या मथळ्यावर एक टोक धरलं, शेवटच्या प्रश्नचिन्हावर दुसरं, आणि तिथे दोरी तोडून माझ्या हातात दिली.

"इतनी. ना कम, ना जादा."

मी हो म्हटलं. त्यांनी पाय काढला. निघताना खुंटीवरचा तो पितळी भोंगाही सखारामच्या पोत्यात टाकला. "याचे बैल काई भेटले नाईत. ठेवा तुमाले."

*

तपासणीच्या दिवशी लॉरी आपल्या चाकांवर मोटारसाहेबांसमोर उभी राहिली. वामन मिस्त्री देवाचं नाव घेत मागच्या चाकाकडे पाहत होता. साहेब आत बसले आणि त्यांनी चढ चढून दाखवायला सांगितलं. चढली. उतरून दाखवायला सांगितलं. उतरली.

"हॉर्न?"

सखारामनं फुगा दाबला. रस्त्यानं चार छकडे चालले होते. चारही जोड्या जागच्या जागी उभ्या!

साहेब लॉरीत बसूनच होते. समोरचं सगळं थांबलेलं पाहून त्यांनी कागदावर लिहिलं, "ब्रेक उत्तम."

कुपनं मिळाली. दसऱ्याला अमरावतीच्या बाजारात अंजनगावचा झेंडू असा टवटवीत उतरला की लोक विचारू लागले, आत्ता तोडला का? सरूबाईनं माझ्यासाठी एक हार पाठवला. सैल गुंफलेला.

*

आता माफीचं.

शब्द दिला म्हणजे दिला! ती दोरी मी कचेरीत आणली आणि खिडकीतल्या खिळ्याला टांगली. हरवू नये म्हणून. खिडकी पश्चिमेची. दुपारभर ऊन यायचं. सहा दिवस ती तिथेच होती.

अंकाच्या दिवशी कंपोझिटरला दोरी दिली आणि समोर उभा राहून मजकूर लावून घेतला. वरच्या टोकाला मथळा, खालच्या टोकाला पूर्णविराम. सगळं कबूल केलं. दोरी आमची, संशय माझा, अब्बासभाईंचा माल चोख. मापात एका ओळीची लबाडी नाही! अंक निघाला, एक प्रत अकोल्याला पाठवली.

चौथ्या दिवशी अकोल्याहून पाकीट आलं. आत माझीच माफी, व्यवस्थित कापलेली. सोबत चिठ्ठी.

"माल आखूड निघाला. परत पाठवून राह्यलो. बदलून द्या."