दिगूच्या खेळातला झोका

जवळच्या वाशीहून फोन आला तेव्हा मी येरमाळ्यात आमच्या दुकानासाठी आणायच्या मालाची यादी करत होते. माझा धाकटा भाऊ दिगू त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कोसळला होता… दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. सहा आठवडे झाले. दुःख आहेच, पण लिहायला बसले ते रागानं. तेराव्याला आमचे चुलते, अण्णा, चारचौघांत म्हणाले, "गुणी पोरगा, पर गेम खेळण्यात जन्म घालवला." वर त्याचा कॉम्प्युटर, आतलं सगळं पुसून, कुणा गरजूला द्यायचंही ठरवून टाकलं!

दिगू गेम तयार करत होता. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तसला, चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांचा. लुगड्यातली एक बाई, वाटेत विहिरी. दोर कोणत्या फांदीला बांधायचा ते ओळखायचं आणि झोका चढवून पलीकडं उडी घ्यायची. कच्चा नमुना त्यानं मला खेळायला दिला आणि मी सवयीनं वहीत चुका मांडल्या. पहिलीच चूक: बाईला मागून कोण ढकलतं? ढकलतात लेकरांना. पंचमीला आम्ही बाया फळीवर उभ्या राहतो. झोका वर टोकाला गेला की खाली वाकून बसायचं, खाली येताना उठायचं, की झोका चढतो. पुढच्याच रविवारी दिगू कासरा घेऊन दारात. पन्नाशीची मी घरामागच्या कडुलिंबावर झोका घेतेय आणि हा मोबाइलवर टिपतोय. "अक्का, अजून एकदा. लई वर जाऊ नको, दाजी मला हाणतील!" त्या एका उठाबशीवर त्यानं चार महिने घातले. याला खेळणं म्हणायचं?

वहीतल्या सगळ्या चुकांवर त्यानं काट मारली, एक सोडून: 'बाई उतरली तरी झोका हलत राहतो.' "अक्का, ती चूक न्हाय. खरा झोका लगेच थांबतो व्हय?" मी भांडले. काट मारू दिली नाही.

परवा अण्णांना त्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हटलं, "आधी खेळून दाखवा, मग पुसा." तीनदा विहिरीत पडले. "अवघड हाय की गं…" चौथ्यांदा बाई पलीकडं उतरली. मागं रिकामा झोका हलत होता. अण्णा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बंद कर आता."

"तुम्ही करा."

त्यांनी हात मागं घेतला.

कॉम्प्युटर आता माझ्याकडं आहे. वहीतल्या त्या ओळीवर आज काट मारली. दिगू, तुझं बरोबर होतं… पण हे ऐकायला तरी थांबायचं होतंस.