नालीतलं पाणी गढूळ झालं तेव्हा

आम्ही चार अभियंते चहाला जमलो की किस्से निघतातच. पण मातीच्या धरणावर नोकरी केलेला माणूस हसता हसता मध्येच आभाळाकडे बघतो! मी मानोऱ्याजवळच्या एका म्हाताऱ्या धरणावर शाखा अभियंता. पूर अडवायला बांधलेलं, खाली लगेच गाव. सोबतीला चौकीदार नामदेवराव.

*

मातीच्या भिंतीतून थोडं पाणी पाझरतंच. नितळ असेल तर ठीक. गढूळ आलं, तर आतली माती वाहून चालली! म्हणून नामदेवराव रोज पाझराचं पाणी काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघत.

एकदा मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले, उन्हाने बेजार. नामदेवरावांनी ग्लास पुढे केला. साहेबांनी एका दमात रिकामा केला!

"साहेब, प्याले नाई, पाह्याले देला होता!"

*

मग वृक्षारोपण. पाहुण्यांनी फोटो काढत रोपं लावली, थेट धरणाच्या भिंतीवर! मुळं आत शिरली की पाण्याला वाट मिळते. गाडी वळणाआड जाताच आम्ही दोघं रोपं उपटायला लागलो.

रस्त्यावरून एक बाई ओरडल्या, "लाज नाई वाटत? सरकारी झाडं चोरून राह्यले!"

*

भिंतीच्या पायथ्याशी गावातल्या शांताबाईंचा मेथीचा वाफा. भर उन्हाळ्यात हिरवागार.

"माह्या मेथीले पाणी द्याच लागत नाई, साहेब!"

मी वाकून माती चाचपली, ओलीच! म्हणजे नवा पाझर! फोटोसकट रिपोर्ट पाठवला. वरून उत्तर आलं, "फोटोत मेथी दिसते, गळती दिसत नाही."

*

गेल्या पावसाळ्यात तीन दिवस झड लागली. धरण काठोकाठ, आणि पायथ्याच्या नालीत गढूळ पाणी! कुठून येतंय, सापडेना. दुपारपर्यंत गाव टेकडीवरच्या शाळेत हलवलं. फक्त ऐंशी पार केलेले गंगारामआजोबा गेले नाहीत. काठी टेकत भिंतीवर चढले, चालत चालत एका जागी थांबले.

"अठी पाहा."

आम्ही तिथूनच सरळ खाली उतरलो. झुडपं बाजूला केली, तर चिखलाचं पाणी उकळल्यासारखं वर येत होतं! जाड वाळू, त्यावर खडी, वरून पोती, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. गावातली माणसं परत येऊन राबली. संध्याकाळी नालीतलं पाणी नितळ झालं, तेव्हा कुठे मी आजोबांजवळ जाऊन बसलो.

"आजोबा, जागा कशी कळली?"

"बांधकामावर होतो ना मी. अठी आलो तवा रोलर बंद पडला. मुकादमानं न दाबताच वर माती टाकाले लावली. साहेबाले सांगतलं, दाबली म्हणून."

"कोण होता हो तो मुकादम?"

आजोबा काठी टेकत उठले.

"मीच होतो."