कानबाईचे कान

आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या करायला बायका जमल्या, की पहिली बिबडी वाळायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "शकू, ती पोलिसांची गंमत सांग ना!" आता 'ती' म्हणजे कुठली? मी धुळ्यात कॅसेटचं दुकान चालवलं, आग्रा रोडच्या मागच्या बोळात. त्या धंद्यात पोलिसांचे किस्से जमवावे लागत नाहीत, तेच शटर वर करून आत येतात! आज सगळ्या गंमत म्हणतात. तेव्हा माझ्या डोक्याची नुसती शीर तडतडत होती.

*

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा लोक आवडीची गाणी कागदावर लिहून आणायचे आणि आम्ही ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. कायद्यात बसत नव्हतं, हे खरं. पण सगळं धुळं भरून घ्यायचं, पोलीस लाइनीसकट!

तर एके दुपारी नवे फौजदार आले. पुण्याकडचे, तरणे, कडक इस्त्रीचे. सोबत मुंबईहून आलेला कॅसेट कंपनीचा टायवाला माणूस. दिसेल ती कॅसेट पोत्यात घालायला लागले.

मी म्हटलं, "न्या. दंड होईल तो भरीन. फक्त टेपजवळची ती एक ठेवा. ती घरची आहे."

ती अक्काची होती. अक्का म्हणजे माझी आई. आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई बसवतात. रविवारी देवी येते, गाणी म्हणत जागरण होतं, सोमवारी विसर्जन. माझी आजी कधीच गेली, पण तिची गाणी अक्काच्या गळ्यात उतरली होती, ती ऐकायला गल्लीच्या गल्ली लोटायची. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलायची, पण कुजबुजल्यासारखं. गाणं गेलं ते गेलंच. तिचा आवाज उरला होता तो त्या एका कॅसेटवर, आदल्या श्रावणात मी घरीच भरलेल्या. वर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कानबाई'.

फौजदारांनी कॅसेट उलटीपालटी केली. "हिच्यावर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, निर्मात्याचं नाव नाही. बाई, ही तर सगळ्यात जास्त बनावट!"

घ्या! म्हणजे बाजारात विकत मिळते ती खरी, आणि आई घरात गायली ती बनावट! पोतं जीपमध्ये गेलं. मी तिथंच ठरवलं, यंदाच्या कानबाईच्या आधी ती कॅसेट घरी आणीन, नाहीतर नावाची शकू नाही.

*

दुकानासमोर चंपाशेठचा एसटीडी बूथ होता. मारवाडी माणूस, जीभ गोड, पण पोलिसांना भलता भिणारा. फौजदारांनी त्याला बजावलं, ही बाई कुणाला फोन करते त्यावर लक्ष ठेवा. शेठनं बिचाऱ्यानं मलाच येऊन सांगितलं, "ताई, मी काही ऐकत नाही हां! पण हवालदार ऐकणार आहेत."

आणि खरंच, बूथच्या दाराशी स्टूल टाकून हवालदार नाना बसलेले. ओळखू येऊ नये म्हणून साध्या कपड्यात! नाना इथलेच, अख्खं धुळं त्यांना नाना म्हणायचं. बूथवर येणारा प्रत्येक जण आधी त्यांना रामराम करत होता.

मी जळगावला फोन लावला. तिथं माझा मावसभाऊ वकिली करायचा, आम्ही त्याला वकीलभाऊच म्हणायचो. सगळं ऐकून घेऊन त्यानं विचारलं, "कलम कोणतं लावलंय?"

मी म्हटलं, "बहुतेक साठ."

काचेवर टकटक झाली. "ताई, त्रेसष्ट! त्रेसष्ट सांगा त्यांना, नाहीतर अर्ज चुकेल!"

बाहेर आल्यावर मी नानांना चांगलंच झापलं. "दुसऱ्याचा फोन ऐकता, लाज नाही वाटत?"

नाना म्हणाले, "वाटते ना. म्हणून तर कलम सांगितलं!"

*

पुढं काही दिवसांनी नाना दुकानात हजर. "ताई, पेन्सिल आहे का?"

"कशाला?"

"चौकीतल्या टेपनं कॅसेट खाल्ली. गुंता झालाय नुसता."

"जप्तीचा माल तुम्ही लोक वाजवता होय?"

"वाजवत नाही, तपासतो," नाना म्हणाले. "रोज संध्याकाळी तपासतो. सिनेमाची झाली तपासून, आता भजनं घेतलीत."

मी पेन्सिल घेऊन नानांच्या पुढं पळत चौकी गाठली. गुंतलेली कॅसेट दुसरीच निघाली. पण टेबलावर अक्काची कॅसेट टेपमध्ये घातलेली, शेजारी रेडिओ चालू, आणि एक शिपाई रेडिओवरचं गाणं भरून घ्यायला लाल बटणावर बोट ठेवून बसलेला! नुसतं दाबायचं बाकी होतं.

आता हल्लीच्या पोरींसाठी सांगते. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचे दोन बारके चौकोन असतात. ते मोडले, की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. आम्ही दुकानात त्यांना कान म्हणायचो. अक्काच्या कॅसेटचे मी मोडले नव्हते, तेव्हा तिची अजून गाणी भरायची होती ना!

मी जोरात ओरडले, "थांबा! आधी मला कानबाईचे कान तोडू द्या!"

फौजदार आतून बाहेर आले. "कुणाचे कान?"

"कानबाईचे! दोन्ही तोडते, मग बसा काय करायचं ते करत!"

"बाई, पोलीस चौकीत उभं राहून धमकी देताय?"

"धमकी कसली? तोडणारच! आत्ता तोडणार! तुमच्याकडं स्क्रू ड्रायव्हर आहे का?"

*

मला बाहेर काढलं आणि चौकीच्या डायरीत नोंद झाली: 'सदर महिलेने कानबाई नामक स्त्रीचे दोन्ही कान तोडण्याची धमकी दिली.' पाठोपाठ नानांना हुकूम, त्या बाईला शोधा आणि संरक्षण द्या.

नाना म्हणाले, "साहेब, ती आत्ता सापडायची नाही. श्रावणात येते."

"कुठं उतरते?"

"घरोघरी, साहेब."

"मग?"

"रविवारी बसवतात. सोमवारी पांझरा नदीत नेऊन बुडवतात."

फौजदार खुर्चीतून ताडकन उठले. "बुडवतात? कोण बुडवतं?"

"बठ्ठा गाव, साहेब, अख्खा गाव. वाजतगाजत!"

हे सांगताना नानांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. मला काही हसू येईना. मी म्हटलं, "नाना, तुमची थट्टा होते, पण त्या कॅसेटचं काय?"

नानांनी खिशात हात घातला आणि प्लास्टिकचे दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. "साहेब जीप काढायला ओरडत होते, तेवढ्यात मोडले. आता तिच्यावर दुसरं कुणी गाऊ शकत नाही."

*

तरी कॅसेट काही मिळेना. रोज चौकीत जायचं आणि 'उद्या या' ऐकून परतायचं. चंपाशेठ कळवळून म्हणाला, "ताई, सोडून द्या ना. पोलिसाशी कोण भांडतं? दुसरी भरून घ्या."

"शेठ, कॅसेट कोरी मिळेल. आवाज कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी शेठ बूथ बंद करून माझ्यासोबत चौकीत आला. आत नाही, पायरीपर्यंतच. पण त्याच्या मानानं पायरी म्हणजे दिल्लीच!

*

शेवटी वकीलभाऊ जळगावहून एसटीनं आला आणि कॅसेट परत मिळावी म्हणून कोर्टात अर्ज टाकला. तारीख लागेपर्यंत नागपंचमी होऊन गेली. येत्या रविवारी कानबाई! मी अक्काला रिक्षात घालून कोर्टात नेलं. फौजदार होते, टायवालाही मुंबईहून आला होता.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "ही घरची कॅसेट आहे, कंपनीची नाही, याला पुरावा काय?"

वकीलभाऊ म्हणाला, "वाजवून बघा, साहेब."

टेप लावला. आणि काय सांगू, अक्काचा तो खणखणीत आवाज कोर्टाच्या छताला जाऊन लागला! मागच्या बाकावरच्या बायका गप्पा सोडून नीट बसल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात गाणं अर्ध्यात तोडून अक्का टेपमधूनच गरजली, "शकू! वं शकू! चूल्हावर खीर उतू जाई राहिनी, अन् तू ते डबडं धरीसन बठनी!"

साहेबांनी टेप थांबवला. "अर्जदार बाईंचं नाव?"

मी म्हटलं, "शकुंतला."

कोर्ट खो खो हसलं. साहेबांनी टायवाल्याला विचारलं, "तुमच्या कंपनीच्या कॅसेटीत अशी खीर उतू जाते का हो?"

"नाही, साहेब."

"मग एकच राहिलं. जिचा आवाज आहे, तिनं तो ओळखावा."

अक्काला पुढं आणून खुर्चीवर बसवलं. ऑपरेशन झाल्यापासून तिनं ती कॅसेट मला एकदाही लावू दिली नव्हती. तिनं स्वतःला टेपवर कधी ऐकलंच नव्हतं. साहेबांनी पुन्हा गाणं लावायला सांगितलं. अक्का पदर तोंडाला लावून, डोळे मिटून ऐकत राहिली.

"आजी, हा आवाज तुमचा ना?"

अक्कानं मान हलवली. नाही!

वकीलभाऊनं कपाळाला हात लावला. फौजदार लगेच पुढं सरसावले.

"मना नही," अक्का कुजबुजली. साहेबांना वाकून ऐकावं लागलं. "मनी मायना शे."

"तुमच्या आईचा? मग आई कुठं आहे तुमची?"

अक्कानं टेपकडं बोट केलं. "ती काय, गाई राहिनी नं!"

कारकून पेन धरून साहेबांकडं बघत बसला. साहेबांनी टेप बंद करायला सांगितलं नाही. गाणं पुरं होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "लिहा. आवाज ओळखला. कॅसेट आजच्या आज द्या."