तलावाकाठचा दहीभात

आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी तारनाक्याजवळच्या बागेत जायला लागले. बाग कसली, जंगलच ते. मधे तलाव आणि भोवती मातीच्या पायवाटा. उभ्या जन्मात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत न गेलेला माणूस! गुडघे दुखतात म्हणून सोबतीला मी. शेजारी कौतुक करायचे, या वयात तब्येतीची किती काळजी. तब्येत कसली डोंबलाची, पिशवीत दहीभाताचा डबा असायचा.

त्याचं मूळ आईच्या दहाव्यात होतं. माझ्या धाकट्या भावानं आपल्या मनानं तेलुगू मुलीशी लग्न केलं, तेव्हापासून बाबांनी त्याला घर बंद केलं. राहतो कुठं, तर इथं याच शहरात, अंबरपेठेत. आई त्याला घरी बोलवा, बोलवा करतच गेली. दहाव्याला बाबांनी त्याला विधीही करू दिले नाहीत, स्वतःच बसले. तो लांब पायरीवर उभा. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर तिला शब्द द्या. सगळ्यांनी बाबांकडं पाहिलं. ऊन चढत गेलं. शेवटी बाबा बोलले.

"दर्भाचा करा."

मग गवताचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. मला त्या दिवशी त्यांचा तिटकारा आला.

पण ते त्यांनाही पचलं नव्हतं, म्हणून हा डबा. बागेत पक्ष्यांना खायला घालायला मनाई आहे. राखणदार एकदोनदा "नक्को चाचा" म्हणाला आणि मग तोंड फिरवायला लागला. जलपर्णीनं अर्धा तलाव झाकलेला, काठाला कुबट वास. तिथल्या खडकावर भात ठेवून बाबा हात जोडायचे. ओठ हलायचे, पण आईला हवा तो शब्द काही देत नसत. दिला असता तर घरी येऊन फोन केला असता की. भात मैना खायच्या, मुंग्या लागायच्या, एकदा कुत्र्यानं चाटला. कावळा मेला वरून बघत राहायचा. योगायोग, मला कळतं. तरी वाटायचं, आई अडून बसलीय. आणि खरं सांगते, मला ते बरं वाटायचं. ती अडून होती तोवर भावाला घर मिळायची आशा होती.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी बाबांनी भात ठेवला. हातही जोडले नव्हते, तोच एक कावळा सरळ उतरला. दोन घास खाल्ले, तिसरा चोचीत धरून पाण्यावरून निघून गेला.

मी म्हटलं, "शिवला हो बाबा. सुटलात."

ते खडकावर बसले. 

"मी शब्द कुठं दिला? तरी शिवला," ते म्हणाले. "माझी आशाच सोडली तिनं."

मी भावाचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून तो "हॅलो, अक्का, हॅलो" करत होता. बाबांनी फोन कानाला लावला. ओठ हलले. ऐकू येत नाही म्हणून त्यानं फोन ठेवला. बाबांनी तो मला परत दिला आणि रिकामा डबा पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाच्या पानांवर आम्ही दोघंच बसलो.